मोटारीची जाळी कोण पुसणार?

आमच्या वायंडिंगच्या दुकानात जळालेली मोटार येते तेव्हा तिच्याबरोबर कारणही आलेलं असतं. टेम्पोतून उतरवतानाच माणूस सांगतो, ‘‘व्होल्टेजनं गेली बघा, ताई.’’ फौंड्रीवाला हेच सांगतो, मागवाला हेच सांगतो, नदीवरच्या पाणीपुरवठा संस्थेचा सेक्रेटरीही हेच सांगतो. लाइटवाल्यांच्या नावानं बोटं मोडली की विषय संपतो. मोटार भरून परत जाते आणि काही महिन्यांनी तीच मोटार त्याच कारणासकट पुन्हा दारात उभी राहते.

सासऱ्यांनी सुरू केलेलं हे दुकान कोल्हापूर आणि इचलकरंजीच्या मधल्या रस्त्यावर आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या, इचलकरंजीचे यंत्रमाग, आसपासचे साखर कारखाने आणि पंचगंगेच्या काठावरचे शेतीपंप, असं सगळं गिऱ्हाईक. एवढ्या तऱ्हेच्या मोटारी उघडून पाहिल्यावर माझं एक ठाम मत झालंय. व्होल्टेजमुळे मोटारी जळतात हे खरं आहे, पण दारात येणाऱ्या बहुतेक मोटारी वेळेवर न मिळालेल्या थंडाव्यानं आणि न झालेल्या देखभालीनं गेलेल्या असतात. ती देखभाल होत नाही, कारण कारखान्यात ते काम आता कुणाच्याच नावावर उरलेलं नाही.

मोटार उघडली की वायंडिंग वाचता येतं. स्टेटरच्या दोन्ही टोकांना कॉइलींचे झुपके बाहेर आलेले असतात, तिथं सगळं लिहिलेलं असतं. स्टार जोडणीतल्या मोटारीचे दोन फेज कोळशासारखे काळे आणि तिसरा मात्र वार्निशच्या मूळ रंगात चकचकीत असेल, तर एक फेज गेला होता आणि उरलेल्या दोघांनी सगळा भार ओढला. डेल्टामध्ये उलटं होतं, एक फेज जळतो आणि दोन वाचतात. एकाच स्लॉटच्या तोंडाशी तांबं वितळून खड्डा पडला असेल, तर तिथला इन्सुलेशनचा कागद फाटून तार बॉडीला लागलेली असते. रोटरवर घासल्याची चकाकती पट्टी दिसली की बेअरिंग आधीच संपलं होतं. आणि तिन्ही फेज सगळीकडून सारखेच काळपट, बोटानं दाबलं तर वार्निशचा भुगा होतोय, कागद पापडासारखा तुटतोय, असं दिसलं की समजायचं, ही एका दिवसात मेलेली नाही. ही महिनोन् महिने भाजत होती.

या शेवटच्या प्रकारच्या मोटारी सर्वांत जास्त येतात. व्होल्टेज कमी झालं तरी करंट वाढून तिन्ही फेज सारखेच जळतात, हे मला माहीत आहे. पण तेव्हा ओव्हरलोड रिलेनं मोटार बंद करायला हवी होती. ती का केली नाही, हे पाहायला पॅनेल उघडलं की अनेकदा उत्तर समोरच असतं. मोटारीच्या प्लेटवर ११ अँपिअर लिहिलेलं असतं आणि रिलेची खूण १४ वर फिरवलेली असते. ‘‘सारखी ट्रिप होत होती, म्हणून वाढवली,’’ असं वायरमन सरळ सांगतो. रिले ओरडून सांगत होता आणि आपण त्याचं तोंड बंद केलं.

रिले नीट लावलेला असला तरी एक गोष्ट त्याला कळत नाही. तो करंट मोजतो. मोटारीला वारा मिळतोय की नाही, हे त्याला कळायला मार्ग नाही. भार नेमका, करंट नेमका, व्होल्टेज नेमकं, आणि मागची जाळी कचऱ्यानं बंद; अशा मोटारीला रिले अगदी शेवटच्या क्षणापर्यंत चालू देतो. ही उणीव भरून काढायला बऱ्याच मोठ्या मोटारींच्या वायंडिंगमध्ये थर्मिस्टर बसवलेला असतो. ठरलेल्या तापमानाला पोचलं की त्याचा रोध एकदम वाढतो आणि मोटार बंद करता येते. त्याच्या दोन बारीक तारा टर्मिनल बॉक्सपर्यंत आणून दिलेल्या असतात. माझ्याकडे येणाऱ्या मोटारींत त्या तारा बहुधा तशाच गुंडाळून टेप मारून ठेवलेल्या सापडतात. पॅनेलपर्यंत कुणी नेलेल्याच नसतात.

आता त्या वाऱ्याबद्दल. कारखान्यात सर्रास दिसणारी मोटार चारी बाजूंनी बंद असते. आत धूळ-पाणी जाऊ नये म्हणून बंद, आणि म्हणूनच आतली उष्णता बाहेर काढायला तिला दुसरी वाट लागते. वायंडिंगमधली उष्णता स्टेटरच्या पत्र्यांत, तिथून बाहेरच्या बिडाच्या बॉडीत, बॉडीवरच्या उभ्या फिन्समध्ये आणि तिथून हवेत जाते. मागच्या टोकाला शाफ्टवरच एक पंखा असतो, त्यावर जाळीचं झाकण. पंखा जाळीतून हवा ओढतो आणि फिन्सच्या मधून पुढे ढकलतो. १५ एचपीची, म्हणजे ११ किलोवॅटची मोटार पूर्ण भारावर सुमारे ९० टक्के कार्यक्षमतेनं चालली, तरी सव्वा किलोवॅटच्या आसपास वीज उष्णता होऊन तिच्या पोटात साठत असते. आंघोळीचं पाणी तापवायची कॉइल दिवसरात्र चालू ठेवून तिच्यावर गोधडी टाकावी, तसा हा प्रकार आहे. जाळी बंद झाली की ती गोधडी पडली.

एका फौंड्रीच्या वाळू विभागातून आलेल्या मोटारीचं झाकण मी स्वतः खोललं होतं. जाळीवर काळ्या वाळूचा आणि तेलाचा मिळून बोटभर जाडीचा थर होता, पातळ लापशी वाळावी तसा कडक. आत प्लॅस्टिकच्या पंख्याची दोन पाती तुटलेली. फिन्सच्या खाचा वाळूनं इतक्या भरलेल्या की बॉडी गुळगुळीत वाटावी. त्यावर दरवर्षीच्या रंगकामात दिलेला निळा रंग, थरावर थर, आणि तोच रंग नेमप्लेटवरही. ही मोटार किती एचपीची, किती अँपिअरची, कोणत्या क्लासच्या इन्सुलेशनची, हे त्या खात्यात कुणालाच सांगता येत नव्हतं. रंग खरवडला तेव्हा प्लेट वाचता आली. अशा मोटारीचा शेवट कसा झाला, हे विचारायचीही गरज नव्हती.

प्लेटवरची ती माहिती नुसती औपचारिक नसते. क्लास बी इन्सुलेशन १३० अंश सेल्सिअसपर्यंत, क्लास एफ १५५ पर्यंत आणि क्लास एच १८० पर्यंत टिकेल, असं मानलेलं असतं. बाहेरची हवा ४० अंश आहे असं धरून मोटार बनवतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली, भट्टीच्या शेजारी ४० अंशांवर कुठे काय थांबतं? आणि आमच्या व्यवसायात सगळ्यांना पाठ असलेला ठोकताळा असा की, ठरलेल्या मर्यादेच्या वर वायंडिंग जितक्या वेळा १० अंशांनी तापेल, तितक्या वेळा इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. म्हणजे वीस वर्षांची मोटार २० अंश जादा तापली, तर पाच वर्षांत संपते. त्यात तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो. गरम मोटार त्याच कामाला जास्त वीज खाते, त्या विजेनं आणखी तापते.

‘हात लावून बघतो की आम्ही रोज,’ असं काही जण सांगतात. हाताचा अंदाज इथं उपयोगाचा नाही. साठ अंशांच्या आसपास हात आपोआप मागे येतो, आणि क्लास एफच्या चांगल्या मोटारीची बॉडी पूर्ण भारावर त्याहून गरम असू शकते. उलट एखादी मोटार नेहमी ५० वर चालते आणि आज ६५ दाखवतेय, हा खरा इशारा असतो. तो हाताला कळत नाही, कारण हाताला कालचा आकडा आठवत नाही. बंदुकीसारखा दिसणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आता कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. आठवड्यातून एकदा, भार चालू असताना, त्याच मोटारीच्या त्याच जागी नेम धरायचा आणि आकडा वहीत लिहायचा. सोबत क्लॅम्प मीटरनं तिन्ही फेजचे अँपिअर. एवढं जरी झालं तरी माझ्या दारात येणाऱ्या कितीतरी मोटारी येणार नाहीत.

तिन्ही फेजचे अँपिअर मी मुद्दाम म्हणते. तीन व्होल्टेजांत ३ टक्क्यांचा फरक पडला तरी वायंडिंगची तापमानवाढ सुमारे १८ टक्क्यांनी जास्त होते. एखाद्या ढिल्या लगमुळे, एखाद्या खराब काँटॅक्टमुळे हा फरक पडतो. टर्मिनल बॉक्सची ग्लँड उघडी राहिली की आत पाल जाते, धूळ जाते, ओल जाते. वाकडं झालेलं काँटॅक्ट वेळेवर बदललं, तर तो फेज जायचा वाचतो. ही कामं पाना आणि स्क्रू-ड्रायव्हरची आहेत, इंजिनिअरची नाहीत.

पूर्वी ही कामं करणारा माणूस होता. साखर कारखान्यात, सूतगिरणीत ऑइलमन असायचा. हातात तेलाची कॅन, खांद्यावर वेस्टचा बोळा, कमरेला ग्रीस गन. त्याला सगळ्या मोटारींचा आवाज ओळखू यायचा. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या कव्हरवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि ‘‘मिलची दोन नंबर बोलाय लागली, साहेब’’ म्हणून सुपरवायझरला सांगायचा. तो इंजिनिअर नव्हता, बहुतेक वेळा शाळाही पुरती शिकलेला नव्हता. पण तो रोज त्या मोटारीपाशी जायचा. पुढे खर्च कमी करायचा म्हणून पहिली जी पदं गेली, त्यांत हे पद होतं. हेल्पर कंत्राटी झाले, दर काही महिन्यांनी बदलायला लागले. बदललेल्या माणसाला मोटारीचा कालचा आवाज कुठून माहीत असणार?

आजचं चित्र मला अस्वस्थ करतं. सीएनसी मशीनला वार्षिक देखभालीचा करार असतो, कॉम्प्रेसरला असतो, जनरेटरला असतो, ऑफिसच्या एसीलाही असतो. ज्या मोटारींवर हे सगळं चालतं, त्यांना नसतो. इलेक्ट्रिकल कंत्राटदाराला पैसे मिळतात ते बिघाड दुरुस्त केल्यावर. बिघाड होऊ दिला नाही, तर त्याच्या बिलात लिहायला काही उरत नाही. माझाही धंदा जळालेल्या मोटारींवर चालतो, आणि तरीही मी हे लिहिते आहे. कारण मोटार बंद पडली की काय होतं, ते मी पाहते. भट्टीत धातू तयार असतो आणि मोल्डिंग लाइन थांबलेली असते. गळीत हंगामात कारखान्याच्या आवारात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर रात्रभर उभे राहतात, ऊस वाळतो, वजन घटतं आणि ते नुकसान शेवटी शेतकऱ्याच्या पदरात पडतं. यंत्रमागाचा कामगार मीटरवर पैसे घेतो. माग बंद तर त्याची मजुरी बंद.

मालकांची बाजूही मी ऐकते. एक माणूस ठेवायचा म्हणजे पगार, पीएफ, सुट्ट्या. छोट्या शेडला ते परवडत नाही, हे मान्य. पण हिशोब विजेच्या बाजूनं मांडून बघा. तीच १५ एचपीची मोटार वर्षाला ६,००० तास चालली तर सुमारे ७२,००० युनिट खाते. युनिटला आठ रुपये धरले तरी पावणेसहा लाख रुपये. मोटारीच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम दरवर्षी एका मोटारीतून वाहून जाते, आणि तिच्याकडे आठवड्यातून पंधरा मिनिटं पाहायला माणूस परवडत नाही, असं आपण म्हणतो. शेजारच्या पाच-सहा शेडवाल्यांनी मिळून एक माणूस ठेवला तर? सोसायटीचा वॉचमन सगळ्यांत मिळून ठेवतोच ना आपण.

माणूस ठेवला म्हणजे त्याला शिकवायलाही हवं. ग्रीसचंच घ्या. जगभरच्या पाहण्यांत मोटारींच्या बिघाडांत बेअरिंगचा वाटा सर्वांत मोठा, निम्म्याच्या आसपास निघतो. त्यातली कित्येक बेअरिंगं ग्रीस कमी पडून जात नाहीत, जास्त होऊन जातात. बेअरिंगमध्ये ठासून ग्रीस भरलं की ते घुसळलं जाऊन तापतं, सील ढकलून आत शिरतं आणि वायंडिंगवर बसतं. खालचा ड्रेन प्लग काढून, मोटार चालू ठेवून, बेताचं ग्रीस द्यायचं आणि जुनं बाहेर येऊ द्यायचं, अशी पद्धत आहे. मी उघडलेल्या मोटारींत तो प्लग रंगाखाली गाडलेला असतो. लिथियमच्या ग्रीसवर दुसऱ्याच जातीचं ग्रीस चढवलेलं असतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून पाण्यासारखी पातळ होऊन गळून गेलेली असतात. लहान मोटारींत तर दोन्ही बाजूंनी झाकलेली बेअरिंगं असतात, त्यांना ग्रीस द्यायचंच नसतं. तिथंही बाहेरून ग्रीस लावून ठेवणारे पाहिले आहेत. ज्यानं लावलं त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. या गावाला यंत्राची ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे. मागांसाठी खास मोटार मिळते, गुळगुळीत अंगाची आणि बिनपंख्याची, म्हणजे तंतू साठायला जागाच नको. पण जळाली की तिच्या जागी साधी जाळीवाली मोटार बसवली जाते, कारण ती हाताशी असते. कापसाचा तंतू जाळीवर असा चिकटतो की एका पाळीतच वारा बंद. मग कुणीतरी कॉम्प्रेसरची नळी आणून जोराची हवा मारतं. बंद बॉडीच्या मोटारीला बाहेरून ते चालून जातं. उघड्या मोटारीत मात्र तोच तंतू आत वायंडिंगमध्ये ठासला जातो. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम हाच खरा उपाय, तोही मोटार बंद करून, मेन स्विच काढून आणि त्याला कुलूप लावून. कुलपाचा आग्रह मी धरते, कारण जाळी साफ करताना दुसऱ्यानं येऊन बटण दाबल्यानं बोटं गमावलेली माणसं या भागात भेटतात.

आता घरोघर मोटारीचा वेग बदलणारे व्हीएफडी आले. वेग कमी करता येतो, वीज वाचते, उत्तम गोष्ट आहे. पण पंखा मोटारीच्याच शाफ्टवर बसलेला असतो. मोटार निम्म्या वेगानं फिरवली की पंखाही निम्म्याच वेगानं फिरतो आणि हवाही निम्मीच ओढतो. पंपाला, ब्लोअरला कमी वेगात भारही खूप कमी होतो, म्हणून तिथं निभावतं. कन्व्हेअर, एक्स्ट्रूडर, मिक्सर यांना कमी वेगातही पुरा जोर लागतो. तिथं मोटार भाजते. अशा जागी वेगळ्या मोटारीवर चालणारा स्वतंत्र पंखा बसवावा लागतो. व्हीएफडी विकणाऱ्यानं हे सांगायला हवं आणि घेणाऱ्यानं विचारायला हवं. आयई-३ दर्जाच्या, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारी घ्या, हा प्रचारही चांगलाच आहे. पण त्या मोटारीची जाळी भिंतीला चिकटवून बसवली, तर तिचा दर्जा काय कामाचा? जाळीच्या तोंडाच्या व्यासाच्या निदान चौथ्या हिश्शाइतकी जागा तिच्या मागे मोकळी लागते. गवंडी फाउंडेशन बांधतो तेव्हाच हे ठरवायला हवं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, तेव्हा पंचगंगा आणि कृष्णेकाठच्या मोटारी पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर दुकानासमोर चिखलानं भरलेल्या मोटारींची रांग लागली. गोड्या पाण्यानं धुऊन, ऐंशी-नव्वद अंशांच्या भट्टीत सावकाश वाळवून, बेअरिंग बदलून, मेगरनं इन्सुलेशनचा रोध मोजून ज्या तपासल्या, त्यांतल्या पुष्कळ वाचल्या. ज्यांनी घाईनं उन्हात ठेवून लगेच स्विच टाकला, त्यांच्या मोटारी भरायला लागल्या. मेगर पाचशे व्होल्टचा असला तरी चालतो. रोध किमान काही मेगओम दाखवायला हवा, आणि पावसाळ्यात, किंवा महिनोन् महिने बंद असलेली मोटार सुरू करण्याआधी ते पाहायलाच हवं. साखर कारखान्यांत तर ही वेळ दरवर्षी येते. ऑफ सीझनमध्ये पावसाच्या ओलाव्यात उभ्या राहिलेल्या मोटारी हंगामाच्या पहिल्या दिवशी एकदम पुऱ्या भाराला लावल्या जातात.

खंडेनवमीला मी गावातल्या कारखान्यांत बोलावणं आलं की जाते. त्या एका दिवशी सगळी यंत्रं धुतली-पुसली जातात, हळद-कुंकू लागतं, झेंडूचे हार चढतात, आणि वर्षभर न दिसलेल्या नेमप्लेटा त्या दिवशी वाचता येतात. ही प्रथा मला मनापासून आवडते, यंत्राबद्दलचा आदर तिच्यात आहे. तेव्हा मालकांना माझी विनंती आहे. येत्या खंडेनवमीला हार घालण्याआधी सगळ्या मोटारींना नंबर द्या, रंगाखालच्या प्लेटा मोकळ्या करा, रिले प्लेटवरच्या अँपिअरला आणा, थर्मिस्टरच्या तारा पॅनेलपर्यंत न्या. एक वही करा, तीत एका मोटारीला एक पान. त्या पानाच्या डोक्यावर एका माणसाचं नाव लिहा आणि आठवड्यातला एक तास त्याला त्या कामासाठी सोडा, उत्पादन कितीही असो. कंत्राटदाराशी करार करत असाल, तर त्याचं बिल वहीतल्या नोंदींवर बांधा. जळालेल्या मोटारींवर बांधू नका.